सहाव्या ओळीवरचा अंगठा

जे कार्ड डगआउटच्या भिंतीवर कधी चढले नाही, त्याला एमेट व्राबेल कार्ड मानीतच नसे. मग ते कितीही मोठ्या माणसाच्या हस्ताक्षरातले असो, चौकटीत बसवलेले असो, की त्यासोबत शिक्क्याचे प्रमाणपत्र असो. एमेट ते उचलून नाकाशी नेई, चिकटपट्टीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवी आणि निर्णय देई. त्या निर्णयावर नदीच्या दोन्ही तीरांवरचे संग्राहक चालत. त्याच्या स्वतःच्या घरी पोलादी खणांत टोरन्स फेरी गावच्या हॅमर्स या संघाची तीनशे अकरा कार्डे निजलेली होती, आणि त्यांतले प्रत्येक कार्ड एखाद्या प्रत्यक्ष सामन्यात भिंतीवर टांगले गेलेले होते.

बेसबॉलच्या सामन्यापूर्वी संघाचा वस्ताद नऊ फलंदाजांची नावे क्रमाने दोनदा लिहितो. एक कार्ड तो मैदानावर जाऊन पंचाच्या हाती देतो. ते पंचाच्या खिशात राहते आणि तेच त्या दिवसाचा कायदा ठरते. दुसरे मोठ्या अक्षरांचे कार्ड डगआउटच्या, म्हणजे गडी बसतात त्या मैदानाकडेच्या आडोशाच्या, भिंतीवर चार कोपऱ्यांना पट्टी लावून चिकटवतात, म्हणजे आपली पाळी कधी, हे प्रत्येक गड्याला कळावे. एमेटचा जीव या दुसऱ्या कार्डांत गुंतलेला होता. बदली झालेल्या गड्याच्या नावावर मारलेली काट, तंबाखूच्या पिचकारीचा शिंतोडा, घामेजल्या बोटांची वळणे, हे सारे तो डोळ्यांनी नव्हे, जणू जिभेने वाचीत असे.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहात जुन्या बेसबॉल वस्तूंचा बाजार भरला होता. तीन वाजता जुन्या खेळाडूंचा सामना व्हायचा होता आणि त्याआधी मैदानाच्या प्रवेशद्वाराला हॅमर्सचे जुने वस्ताद होबार्ट केसलर यांचे नाव द्यायचे होते. सभागृहाच्या एका टोकाला शहाऐंशी वर्षांचे होबार्ट खुर्चीत बसून चेंडूंवर सह्या करीत होते. दुसऱ्या टोकाला बायका कांदा परतून बटाट्याचे सारण भरलेल्या पिरोगी तळीत होत्या. मधोमध एमेटचे टेबल होते, आणि त्यापुढे होबार्टचा मुलगा ड्वाइट उभा होता. बंद पडलेल्या गाड्या साखळदंडाने ओढून नेण्याचा त्याचा धंदा, आणि देहही त्या धंद्याला शोभणारा. त्याने सात कार्डे टेबलावर पसरली होती.

"बघ की नीट. बाबांच्याच हातचं अक्षर आहे," ड्वाइट म्हणाला.

"अक्षर त्यांचंच. कोण नाही म्हणतंय?" एमेटने एक कार्ड नाकाशी नेले. "पण हे गेल्या हिवाळ्यात तुमच्या स्वयंपाकघरात लिहिलंय. चहात बुडवून जुनं केलंयस ना?"

"कॉफी असेल! ड्वाइटला चहा कुठला परवडतोय!" शेजारच्या टेबलावरून कोणीतरी बोलले आणि चार माणसे हसली.

"बाबांना प्रत्येक सामन्याचा क्रम तोंडपाठ आहे. एकही नाव चुकायचं नाही," ड्वाइट म्हणाला. "मग खोटं कसं?"

"नावं खरी असतील. पण हे भिंतीवर चढलंच नाही. ही पट्टी बघ, दुकानातून आणल्यासारखी कोरी. शहात्तर सालचं कार्ड म्हणतोस ना? त्या साली डगआउट हिरवा होता. पट्टीखाली हिरवा कण तरी दिसायला हवा. चौऱ्याहत्तरला भट्टीतला उरलेला तांबडा रंग फासला होता, त्याआधी पिवळा. रंग खोटं बोलत नाही रे बाबा. उचल हे सगळं."

ड्वाइटच्या मानेवरची शीर फुगली. त्याने कार्डे गोळा केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मोठा आलाय वाचणारा! तुमच्या घराण्यात वाचता येत होतं कोणाला?"

बायकांनी माना खाली घातल्या. एमेटने आपले दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि ते तसेच दाबून धरले, कारण आपले हात मोकळे सुटले की काय घडते, हे त्याला एकदा पुरते कळून चुकले होते.

पस्तीस वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर सालच्या सतरा ऑगस्टच्या दुपारी, तेवीस वर्षांचा एमेट हॅमर्सच्या डगआउटमागे पहिल्याच ओळीत बसला होता. त्याचा थोरला भाऊ लुडविक, ज्याला सारे गाव लुडी म्हणे, हॅमर्सचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा गडी, होता. आठवीतून शाळा सुटून कोळशाच्या भट्टीवर गेलेला हा मनुष्य वाचण्यात मंद होता, पण निरक्षर नव्हता. त्याच्या आईने प्रार्थनेच्या पुस्तकावरून एकेक अक्षर त्याच्याकडून गिरवून घेतले होते. मैदानावर उतरण्यापूर्वी तो भिंतीवरच्या कार्डाशी जाई, आपल्या नावाशेजारी उजवा अंगठा टेकवी, मग वरच्या ओळीवर डोळे नेऊन आपल्याआधी कोण, हे ओठ हलवीत वाची. तोंडात सदा तंबाखू असल्याने त्या अंगठ्याचा तपकिरी ठसा कार्डावर उमटे. त्या सालच्या कार्डांवर असा ठसा दिसला, की एमेट ते कार्ड उजेडात न्यायचेही कारण ठेवीत नसे.

त्या दिवशी पंचाच्या खिशातल्या कार्डावर सहावा होता क्ले ड्रेसलर आणि सातवा लुडी. परंतु लुडी ड्रेसलरच्या आधी खेळायला उतरत होता. पहिल्या दोन वेळा तो बाद झाला. पाहुण्या बेल्मार संघाच्या वस्तादाने चूक हेरली होती. मात्र नियम असा, की आक्षेप घेतला तरच चूक मोजली जाते, म्हणून त्याने मौन धरून आपली वेळ येण्याची वाट पाहिली. सातव्या डावात दोन गडी धावेच्या वाटेवरच्या तळांवर उभे असताना लुडीने चेंडू डावीकडच्या कुंपणावर आदळला आणि दोन धावा घरी आल्या. पाच हजार कंठ एकदम फुटले. तेव्हा बेल्मारचा वस्ताद मागच्या खिशांत हात घालून, फिरायला निघालेल्या माणसासारखा, पंचाकडे चालत गेला.

पंचाने खिशातून कार्ड काढले. धावा पुसल्या गेल्या. ड्रेसलर न खेळताच बाद ठरला. आणि त्याच्यानंतर क्रम लुडीचा असल्यामुळे लुडीनेच लगोलग पुन्हा उभे राहावे, असा निर्णय झाला.

डगआउटच्या तोंडाशी होबार्ट केसलर किंचाळत होते. "वाचता येत नाही का रे तुला? नऊ नावं आहेत, नऊ! तेवढी वाचता येत नाहीत, अंगठाछाप?"

"भिंतीवर तसंच लिहिलंय, वस्ताद," लुडी म्हणाला. हे एमेटने आपल्या कानांनी ऐकले. "सहावा मीच आहे. या, बघा."

"भिंत नको दाखवूस मला! जा, मर तिकडे!"

पहिल्या दोन रांगांतली माणसे हसली. लुडीची मान लाल झाली. तो परत गेला आणि रागाने नेहमीपेक्षा चार बोटे पुढे सरून उभा राहिला. बेल्मारचा चेंडू फेकणारा पिचर टिलरी, ज्याच्या चेंडूवर नुकताच तो तडाखा बसला होता, हातातला चेंडू घोळवीत क्षणभर थांबला. मग त्याने तो सरळ डोक्यावर फेकला.

त्या काळच्या शिरस्त्राणाला कानावर झाकण नसे. चेंडू कानामागे लागला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. लुडी गुडघ्यांवर आला, त्याने एक हात पुढे केला, जणू कोणाला काही द्यावयाचे होते, आणि मग तोंडावर पडला. त्याच्या कानातून रक्त आले आणि चुन्याच्या पांढऱ्या रेषेत मुरत गेले.

एमेटने कठडा कधी ओलांडला, हे त्याला आजही आठवत नाही. भावाची बॅट हातात होती एवढे आठवते. टिलरीने हात वर केले, तेव्हा पहिला घाव मनगटावर बसला. दुसऱ्याने जबडा जागचा निखळला. तिसरा डोळ्याच्या खोबणीवर बसला. तो माणूस खाली पडल्यावरही बॅट वर जात होती आणि खाली येत होती. दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. कोणाच्या बुटाचे खिळे कोणाच्या गालात रुतले, कोणाचा कान फाटला, पंच तुडवला गेला. वीस मिनिटांनी पोलिसांनी एमेटला उचलले, तेव्हा त्याच्या दातांत दुसऱ्याच्या सदऱ्याची चिंधी होती.

टिलरीचा डावा डोळा गेला. लुडी पाच दिवस शुद्धीवर न येता मरण पावला आणि ती बातमी एमेटला तुरुंगाच्या गजांआडून कळली. अकरा महिने त्याने आत काढले. होबार्ट केसलर यांनी वर्तमानपत्रांना सांगितले की, "पोरगा गुणी होता, पण त्याला वाचता येत नव्हतं. भिंतीवरचं कार्ड बरोबर होतं. तो चुकून उतरला नसता, तर हे घडलंच नसतं." भिंतीवरचे कार्ड दंगलीत नाहीसे झाले होते. तेव्हापासून टोरन्स फेरीत कोणी घाईत काही चुकीचे वाचले, की लोक म्हणत, "व्राबेलसारखं वाचू नकोस." शाळेत म्हणत, दुकानात म्हणत, चर्चच्या पायरीवरसुद्धा म्हणत. एमेटची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचा एकच प्रश्न उरला होता. "त्याला येत होतं ना रे वाचायला? मी शिकवलं होतं त्याला." तो "येत होतं, आई" म्हणे. पण भावाच्या साक्षीला कोण विचारतो? पुरावा पाहिजे होता, आणि तो पुरावा एका कार्डाएवढा होता. तीनशे अकरा कार्डे त्याने जमवली, ती या एकाचा माग काढता काढता.

ड्वाइट शेजारच्या टेबलाला टेकून कॉफी पीत राहिला होता. तेवढ्यात राखाडी केसांची एक स्त्री जेवणाचा जुना पत्र्याचा डबा छातीशी धरून एमेटपुढे आली. ती व्हर्ना, क्ले ड्रेसलरची विधवा. क्लेला जाऊन दोनच महिने झाले होते.

"एमेट, जेवलास का काही?" तिने विचारले.

"आत्ताच दोन पिरोगी खाल्ल्या. बस ना, व्हर्ना."

"बसत नाही. बसले तर हिंमत जाईल." तिने डबा टेबलावर ठेवला. "क्ले म्हणाला होता, हा एमेटला दे. पण मी मेल्यावर दे. तो गेल्यावर मी उघडून बघितलंय. मला यातलं कळत नाही. तूच बघ."

डब्यात एका पिवळ्या पडलेल्या रुमालाखाली कार्ड होते. एमेटने सवयीने ते नाकाशी नेले. जुन्या डिंकाचा आणि तंबाखूचा वास आला. त्याने कोपऱ्यावरून बोट फिरवले. पट्टीच्या पोटाला तांबड्या रंगाच्या खपल्या चिकटल्या होत्या. एक कोपरा फाटलेला होता, घाईने ओढून काढल्यासारखा. वर तारीख होती, सतरा ऑगस्ट. त्याने नावे वाचायला सुरुवात केली, आणि आपले ओठ हलत आहेत हे त्याच्या ध्यानात आले. पाचव्या ओळीपाशी तो थांबला. मग खाली पाहिले.

सहावा, व्राबेल. सातवा, ड्रेसलर. अक्षर होबार्ट केसलर यांचे, मोठे, उजवीकडे झुकलेले. आणि सहाव्या ओळीशेजारी एक अंगठा होता, तपकिरी, स्पष्ट, त्याच्या सगळ्या वळणांसह.

"क्लेनं ठेवलं होतं हे?" एमेटने विचारले.

"मरताना त्यानं सांगितलं मला. दंगल चालू असताना वस्ताद त्याला म्हणाले, ते कार्ड काढ आणि जाळून टाक. यानं काढलं. जाळलं नाही." व्हर्नाने डब्याच्या कडेवरून बोट फिरवले. "दुसऱ्या महिन्यात वस्तादांच्याच शब्दावर त्याला वरच्या संघात घेतलं ना! मग कुठल्या तोंडानं बोलणार? पस्तीस वर्षं दर सतरा ऑगस्टला तो डबा काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. मला वाटायचं, दुसऱ्या कुठल्या बाईची पत्रं असतील. असती तर बरं झालं असतं रे."

ड्वाइटने कॉफीचा कागदी पेला खाली ठेवला. त्याने सगळे ऐकले होते.

"काय आहे ते? दाखव," तो म्हणाला.

"लांब राहा, ड्वाइट."

"माझ्या बापाच्या हातचं आहे. दाखव म्हणतो ना!"

एमेटने कार्ड छातीशी घेतले आणि उठायला गेला. ड्वाइटने टेबलावरून झेप घेतली. साखळदंड ओढणारा तो पंजा एमेटच्या मनगटावर बसला, हाडे एकमेकांवर घासली, आणि कार्ड मधोमध फाटले. वरचा भाग एमेटच्या मुठीत राहिला. खालचा, पाचव्या ओळीपासूनचा, ड्वाइटच्या हातात गेला. त्याने त्याकडे एक नजर टाकली. बापाचे अक्षर त्याने ओळखले, क्रमही वाचला, आणि दाराकडे पाहिले. पण मध्ये माणसे होती. तेव्हा त्याने तो तुकडा चुरगाळला आणि तोंडात कोंबला.

एमेटने त्याला डोक्याने छातीत धडक दिली. दोघे टेबलासकट कोसळले. पिरोगीची कढई लवंडली आणि गरम तूप फरशीवर पसरले. त्यात ड्वाइटचा कोपर गेला, तो ओरडला, पण ओरडतानाही त्याने दात उघडले नाहीत. एमेटने गुडघा त्याच्या पोटात रोवला. ड्वाइटच्या मुठीने एमेटचे नाक फुटले. गरम रक्त ओठांवरून गळ्यात गेले. एमेटने डाव्या हाताने त्याचा जबडा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटे गालाच्या आत सारली. ड्वाइट चावला. दात हाडापर्यंत गेले. एमेटने बोटे मागे घेतली नाहीत. उलट आणखी आत ढकलली, आणि कागदाचा ओला लगदा त्याच्या बोटांना लागला.

"थुंक!" एमेट म्हणाला. "थुंक, नाहीतर जबडा हातात देईन!"

ड्वाइट चावत राहिला. अग्निशमन दलाचे दोन गडी धावले, त्यांनी एमेटला खांद्यांना धरून ओढले. त्याने एकाला कोपराने पाडले, दुसऱ्याच्या बरगडीत लाथ घातली. टेबलावरून सांडलेल्या वस्तूंत एक जुनी बॅट होती. ती एमेटच्या हातात आली, आणि ती हाताला कशी ओळखीची वाटली, हे त्याला जाणवले. त्याने ती ड्वाइटच्या गळ्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांवर आपला सगळा भार टाकला. ड्वाइटच्या टाचा फरशीवर घासू लागल्या. चेहरा लाल, मग जांभळा, मग निळसर झाला. डोळे बाहेर आले. तरीही जबडा हलतच होता, सावकाश, हट्टाने.

"एमेट, मरेल तो!" व्हर्ना ओरडली. "सोड रे! एमेट!"

एमेटला ऐकू येत होते. पण पस्तीस वर्षे ज्या गोष्टीसाठी तो जगला, ती त्या दातांखाली दळली जात होती, आणि आपण सोडले तर ती गिळली जाईल, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

तेव्हा फरशीवर म्हाताऱ्याच्या आधाराने चालण्याच्या चौकटीचा टकटक आवाज आला. होबार्ट केसलर येत होते. माणसे बाजूला झाली. म्हातारा जमिनीवरच्या मुलापर्यंत पोचला, त्याने त्याचे निळे पडलेले तोंड पाहिले, आणि एमेटच्या हातातली बॅट पाहिली.

"थुंक ते, ड्वाइट," होबार्ट म्हणाले.

ड्वाइटने मान हलवली, जेवढी हलू शकत होती तेवढी.

"व्राबेल, सोड त्याला. मीच लिहिलं होतं."

एमेटने भार कमी केला नाही. आजवर त्याने या मनुष्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "काय लिहिलं होतंस? मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू दे."

"भिंतीवर तुझा भाऊ सहावा लिहिला." म्हातारा मोठ्याने म्हणाला. "सकाळी तसंच ठरवलं होतं. मग मैदानावर जाता जाता पंचाचं कार्ड बदललं आणि भिंतीवरचं बदलायला विसरलो. त्यानं बरोबर वाचलं होतं. तो म्हणाला, या, बघा. मी बघायला गेलो नाही. मला माहीत होतं तिथं काय आहे ते." त्यांनी श्वास घेतला. "आता एका कार्डापायी दुसरं पोर नको घेऊस. सोड."

एमेटने बॅट उचलली. ड्वाइट कुशीवर वळला, खोकला, आणि त्याने फरशीवर रक्त, एक दात आणि करडा लगदा ओकून टाकला.

एमेट गुडघ्यांवर बसून त्या लगद्यात शोधू लागला. नाव गेले होते. शाई लाळेत मिसळून निळी झाली होती. नखाएवढा एक तुकडा धड होता. त्यावर सहाचा आकडा होता आणि शेजारी अर्धा अंगठा. बाकी काहीही नव्हते. आता हे कोणाला दाखवले तरी पाहणारा विचारणार, की सहावा कोण?

दलाच्या गड्यांनी ड्वाइटच्या नाकावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. कोणीतरी पोलिसांना कळवले होते. एमेट उठला. त्याने आपल्या पिशवीतून एक कोरे कार्ड काढले, त्या सालच्या छपाईचे. खोटी कार्डे पडताळण्यासाठी तो असे एक नेहमी जवळ बाळगी. ते त्याने शेजारच्या टेबलावर ठेवले आणि होबार्टच्या कोटाच्या खिशातली सह्यांची लेखणी त्यांच्या हाती दिली.

"लिही," तो म्हणाला. "भिंतीवर होतं तसं."

होबार्ट तिथल्या खुर्चीत बसले. तारीख त्यांनी विचारली नाही. पहिली पाच नावे त्यांनी न थांबता लिहिली, मोठी, उजवीकडे झुकलेली. सहाव्या ओळीपाशी लेखणी थांबली.

"त्याचं पूर्ण नाव लिहू का?" त्यांनी विचारले. "लुडविक होतं ना?"

"कार्डावर पहिलं नाव लिहीत नाहीत. तुला माहीत आहे."

म्हाताऱ्याने व्राबेल असे लिहिले. मग खाली ड्रेसलर, आणि उरलेली दोन. सही करताना अखेरचे अक्षर चौकटीबाहेर गेले.

ज्या प्रकारच्या कार्डांना एमेटने तासाभरापूर्वी हाकलून दिले होते, त्याच प्रकारचे हे कार्ड होते. टेबलावर लिहिलेले, ताज्या शाईचे, भिंत न पाहिलेले. त्याने ते उचलले, पण कडांना धरून, तळहात लांब ठेवून. कारण त्याची बोटे रक्ताने भरली होती, आणि सहाव्या ओळीशेजारी उमटायचा ठसा त्याचा नव्हता.

दारात पोलीस अधिकारी उभा राहिला. ओळखीचाच होता, त्याचे वडील त्या दिवशी मैदानावर पोलीस म्हणून होते. त्याने फरशीवरचे रक्त पाहिले, मुखवटा लावलेला ड्वाइट पाहिला. "एमेट," तो हताशपणे म्हणाला, "परत बॅट का रे?"

"परत बॅट," एमेट म्हणाला. "येतो मी. दोन मिनिटं दे."

तो होबार्टकडे वळला. "तीन वाजता सामना आहे. हे तुझ्या हातानं डगआउटच्या भिंतीवर लाव. चारही कोपरे नीट दाब. दोन्ही संघांतल्या प्रत्येक गड्याला ते वाचू दे."

"त्यानंतर माझं नाव त्या फाटकावर राहील का?" म्हातारा पुटपुटला.

"ते लोक ठरवतील. त्यांना वाचता येतं."

होबार्टने कार्ड घेतले. त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवले नाही, हातातच धरले, आणि चालण्याची चौकट एकाच हाताने पुढे सारीत ते दाराकडे निघाले. बराच वेळ लागला. वाटेत उभी असलेली माणसे ते जाताना कार्डाकडे पाहत, आणि एकेकाचे ओठ हलत होते.

एमेटने नखाएवढा तो तुकडा रुमालात बांधून व्हर्नाच्या हाती दिला आणि दोन्ही मनगटे अधिकाऱ्यापुढे केली. बेड्या सुजलेल्या हाडावर घट्ट बसल्या, तेव्हा त्याने दात आवळले.

"व्हर्ना," तो दारातून म्हणाला, "नववा डाव संपला की ते उतरवून माझ्यासाठी ठेव. पण ओढू नकोस. हळू काढ, कोपऱ्याकडून. पट्टीबरोबर भिंतीचा रंग येईल. तो पुसायचा नाही."

"पुसणार नाही," व्हर्ना म्हणाली. "आता कुठला रंग आहे रे तिथं?"

"निळा," एमेट म्हणाला. "याच वर्षी दिलाय."